कोनाड्यातली बरणी

हिवरदरा गावाच्या खालच्या अंगाला, नदी जिथे वळण घेते तिथे, एका कडुनिंबाखाली सटवाजी महाराज राहत असत. मठ नव्हता, शिष्यांचा गोतावळा नव्हता. एक घोंगडी, एक कटोरा आणि मुखी अखंड नाम, एवढाच त्यांचा संसार. गावात कुणाकडे दुखणं असलं, कुणाकडे भांडण झालं की महाराज त्या दारात जाऊन उभे राहत आणि विचारत, "माय, आज काही शिजलंय का घरात?" स्वतःसाठी विचारत नसत. ज्या घरात चूल पेटली नसेल तिथे शेजारून पिठलं-भाकरी आणवायचे, सगळ्यांना जेवायला बसवायचे आणि मगच उठायचे.

ही हकिगत मला माझ्या काशीमावशीने तांदूळ निवडता निवडता सांगितली. तिला तिच्या सासूने, ठकूबाईने सांगितली होती. आणि ठकूबाई त्या दिवशी तिथे होती, नव्यानेच लग्न होऊन गावात आलेली, हाताशी म्हणून बोलावलेली. त्यामुळे यात पदरचं काही नाही. फक्त त्या दिवशी बासुंदी होती की शेवयांची खीर, यावर आमच्या बायकांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. मी बासुंदी धरून चालते.

गावात इनामदारांचं घर मोठं. कर्ते नानासाहेब, त्यांच्या पत्नी मथुराबाई. आणि घरात वेणूआत्या होत्या, नानासाहेबांच्या वडिलांची बहीण. कोवळ्या वयात कपाळ पांढरं झालं, माहेरी आल्या आणि त्या घरच्या चुलीपुढे बसल्या, त्या तिथेच म्हाताऱ्या झाल्या. त्यांच्या काळात इनामदारांकडचं जेवण साधंच असे. भाकरी, आमटी, सणाला पुरणपोळी. थंडीच्या दिवसांत ताकातल्या कण्या. ज्वारी भरडायची, कोंडा पाखडायचा, आंबट ताकात मंद आचेवर रटरटू द्यायची आणि वरून जिऱ्याची फोडणी. आता कोण करतं? पण त्या वासाने शेजारची माणसं वाटी घेऊन मागच्या दाराशी येत असत.

त्याच मागच्या दाराशी एकदा तापाने फणफणलेला एक तरुण गोसावी येऊन पडला होता. गाव त्याला वेडा म्हणत होतं. वेणूआत्यांनी त्याला कोमट कण्या पाजल्या, पुढे बरेच दिवस पाजल्या. तेच आपले सटवाजी महाराज!

मथुराबाई या घरात आल्या त्या एका संस्थानी गावातून. त्यांच्या वडिलांच्या घरी मोठमोठी माणसं जेवायला येत. मांडे, केशरी भात, सुरळीच्या वड्या, खव्याच्या पोळ्या, सगळं त्यांच्या हाताला येत असे. खोटं कशाला बोलू, हात चांगलाच होता त्यांचा. पण त्या हाताचा त्यांना फार अभिमान होता. इनामदारांच्या पंगतीची कीर्ती आसपासच्या गावांत गेली ती मथुराबाईंमुळे, आणि हे त्या कुणाला विसरू देत नसत.

आता वय झालं की माणूस विसरतं. वेणूआत्या विसरू लागल्या. आधी नावं विसरल्या, मग वार विसरल्या. मग एके दिवशी मोठ्या लेकीच्या केळवणाला व्याही जेवायला बसलेले असताना आमटीत मीठ दोनदा पडलं. व्याह्यांनी एक भुरका मारला आणि नुसतं पाणी प्यायले. मथुराबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून वेणूआत्यांना चुलीजवळ येण्याची बंदी झाली.

"बसा तिकडे ओसरीवर, जप करा," मथुराबाई म्हणाल्या. "पुष्कळ रांधलंत."

आत्याबाई ओसरीवर बसत. पण जेवणाची वेळ झाली की त्यांचे पाय आपोआप आत वळत. उंबऱ्याशी आल्या की मथुराबाई विचारत, "काय आत्याबाई, मीठ घातलंत का?" आणि पोळ्या लाटणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसत. पुढे ती थट्टा घरभर झाली. आत्याबाई विहिरीवर गेल्या की कुणीतरी म्हणे, "आत्याबाई, पोहऱ्यात मीठ घातलं का?" तुळशीला पाणी घालू लागल्या की, "तुळशीला मीठ झालं का बेताचं?" आत्याबाई गोंधळून बघत. कधी हसत. कधी खरंच विचारात पडत, "घातलं का गं मी? काही आठवत नाही बाई."

माघात महाराजांच्या गुरूंची पुण्यतिथी येई. त्या दिवशी महाराज गावातल्या एका घरी जेवत आणि त्यांच्या मागे सगळं गाव त्या पंगतीला बसे. घर महाराज स्वतः निवडत. त्या वर्षी त्यांनी नानासाहेबांना निरोप धाडला, "पुण्यतिथीला वेणूआत्यांकडे जेवायला येतो. कण्या कराव्यात."

निरोप ऐकून नानासाहेबांना आनंद झाला. मथुराबाईंचा चेहरा मात्र उतरला.

"वेणूआत्यांकडे? म्हणजे हे घर काय आत्याबाईंचं आहे?"

"अगं, महाराजांना त्यांनीच पहिला घास घातला," नानासाहेब म्हणाले. "करू दे की त्यांना कण्या."

"सगळ्या गावासमोर? पुन्हा मीठ दोनदा पडलं तर? आणि कण्या म्हणजे काय पुण्यतिथीचं पक्वान्न झालं? लोक म्हणतील, इनामदारांकडे आता ज्वारीच भरडतात."

इकडे वेणूआत्यांना निरोप कळला तेव्हापासून त्यांच्या जिवाला दुसरा ध्यास नव्हता. सकाळी विचारत, "आज का गं पुण्यतिथी?" दुपारी विचारत, "ताक आंबट लावलंय ना?" सगळं विसरत होत्या, पण महाराज आपल्या हातचं जेवायला येणार, एवढं एक विसरल्या नाहीत. रात्री निजताना त्या नानासाहेबांना म्हणाल्या, "बाळ, एकदा करू दे मला. मग नाही मागायची चूल."

त्या माउलीला त्याहून जास्त काही नको होतं!

शेवटी मथुराबाईंनी तोड काढली. आत्याबाईंनी कण्या कराव्यात, पण परसातल्या वेगळ्या चुलीवर. बाकी सगळा स्वयंपाक घरात होईल. त्यासाठी गुंडोपंत नावाचे नामांकित आचारी बोलावले. "आणि मिठाला कुणीही हात लावायचा नाही," त्यांनी बजावलं. "गुंडोपंत, तुम्हीसुद्धा नाही. सगळ्या पातेल्यांत मीठ मी स्वतः घालीन. आत्याबाईंच्या कण्यांतही मीच घालीन. नाहीतर घोटाळा व्हायचा."

एवढ्यावर थांबल्या नाहीत. स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या कोनाड्यात मिठाची चिनी मातीची बरणी असे. आत्याबाईंच्या तरुणपणापासून ती तिथेच होती. त्यांचा हात न बघता तिथे जाई. मथुराबाईंनी ती बरणी उचलून फडताळात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. कोनाडा रिकामा बरा दिसेना, म्हणून त्या जागी तशीच दुसरी बरणी ठेवली. त्या बरणीत रांगोळी होती, शिरगोळ्याच्या दगडाची पांढरीशुभ्र पूड. पानांभोवती रांगोळी काढायची होतीच. पुण्यतिथीच्या सकाळी ठकूबाई त्याच बरणीतून चिमूट चिमूट घेऊन पाटांपुढे वेली काढत होती.

पुण्यतिथीचा दिवस उजाडला. पहाटेपासून घर दणाणून गेलं. वरण, अळूची भाजी, भरली वांगी, सुरळीच्या वड्या, केशरी भात, पंचामृत, बासुंदी. परसात वेणूआत्या एकट्याच कण्या ढवळत बसल्या होत्या, तोंडाने नाम चाललेलं. मधूनच त्या घाबरून विचारत, "मीठ घातलं का गं कुणी?" बायका आतून ओरडत, "बसा उगी, वहिनी घालतील!"

आणि पाहुणे येऊ लागले. मथुराबाईंना क्षणाची उसंत मिळेना. या आल्या, त्या आल्या, हळदीकुंकू द्या, पाट मांडा, तोरण सुटलं ते बांधा. शेवटी टाळ ऐकू आले. महाराज आले! पाय धुतले, पाटावर बसवलं. पंगत बसली, पानं वाढायची तयारी झाली, देवापुढे नैवेद्याचं ताट ठेवायची वेळ आली.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. नैवेद्याचं अन्न देवाला दाखवण्याआधी कुणी चाखायचं नसतं, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. पण महाराजांच्या पंगतीत आणखी एक नियम होता. त्यांच्या गुरूंची आज्ञाच होती तशी. पानात डाव्या हाताला आपण मीठ वाढतो ना, ते तिथे वाढत नसत. नैवेद्य दाखवला की अन्नात पुन्हा काही घालायचं नाही, वरून चिमूटभरही नाही. देवाने ज्या चवीचं घेतलं त्याच चवीचं आपण खायचं.

मथुराबाई नैवेद्याचं ताट घेऊन बाहेर आल्या. महाराजांनी मान वर केली आणि हसून सहज विचारलं, "माय, मीठ घातलंत ना?"

तेच शब्द. बायका हसणार होत्या, पण मथुराबाईंकडे बघून थांबल्या.

मथुराबाईंनी "हो महाराज" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मनात शंका आली. घातलं का? कधी घातलं? त्या आठवू लागल्या. सकाळी वरणाच्या पातेल्याशी उभं असल्याचं आठवत होतं, हातात काहीतरी होतं. ते मीठ होतं की हिंग? की नुसती पळी होती? वांग्यांत घातलं तेव्हा कुणीतरी हाक मारली होती. ती घालण्याआधी की घातल्यावर? डोक्यात जणू धुकं भरलं. जितकं आठवायला जावं तितकं सगळं आणखी लांब सरकत होतं.

त्या ताट घेऊन तशाच आत आल्या. "गुंडोपंत, मी मीठ घातलं ना?"

"तुम्ही घालणार होतात, वहिनी."

"घातलं ना पण?"

गुंडोपंत पातेल्यांकडे बघत राहिले. "मला वाटतं, घातलंत. अळूत तरी घातलंत. नाही, ती चिंच होती." त्यांनी डोकं खाजवलं. "थांबा, वासावरून सांगतो." त्यांनी वरणावर वाकून वास घेतला, मग भाजीचा घेतला, मग पुन्हा वरणाचा. "वरणाला आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "की हा भाजीचाच वास नाकात बसलाय?"

"ठकू, तू बघितलंस का गं?"

ठकूबाईच्या बोटांना अजून रांगोळी लागलेली होती. ती म्हणाली, "बघितलं वाटतं मी. तुम्ही घालत होतात. का तो कालचा दिवस होता?"

"मेले, काल कुठे तू आली होतीस इथे!"

"नव्हते का आले?" ठकूबाई स्वतःच बुचकळ्यात पडली.

एक बाई म्हणाली, गाईला थोडं घालून बघू या. दुसरी म्हणाली, गाय काय बोलून सांगणार आहे का! बाहेरून नानासाहेब आत आले, "काय झालं?" आणि मग उंबऱ्यावरच उभे राहिले, कारण आपण कशाला आलो ते त्यांनाच आठवेना. मंत्र म्हणायला बसलेले भटजी पहिलाच चरण पुन्हा पुन्हा म्हणत होते. ठकूबाई सांगत असे, त्या घटकेला आख्ख्या घरावर काहीतरी उतरलं होतं. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता.

मथुराबाई रडकुंडीला आल्या. नाही म्हणून घालावं, तर दुप्पट व्हायचं. घातलंय म्हणून सोडावं, तर सगळं अळणी. चाखायचं तर नैवेद्य उष्टा. आणि वरून घेण्याची सोय नाही. सगळं गाव पंगतीत बसलेलं. "आता काय करू?" त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "मला काहीच कसं आठवत नाही? मला काहीच कसं आठवत नाही?"

तेव्हा परसातून वेणूआत्या आत आल्या, कण्यांचं भांडं पदराने धरून. सगळ्यांचे चेहरे बघून त्यांनी विचारलं, "काय गं मथुरा, काय झालं? अशी का बसलीस?"

"आत्याबाई, मीठ घातलं की नाही, मला आठवत नाही हो!"

आत्याबाई मथुराबाईंजवळ बसल्या आणि पाठीवरून हात फिरवू लागल्या. "एवढंच ना? मग घाबरायचं कशाला? मला तर रोजच होतं असं. आपण नाम घ्यायचं, त्याला म्हणायचं, मला आठवत नाही, तूच बघ बाबा."

बाहेरून महाराजांचा आवाज आला, "आत्याबाई, भूक लागली. मीठ तुम्हीच घाला!"

महाराज म्हणाले म्हटल्यावर अडवणार कोण? आत्याबाई उठल्या. हात न बघता कोनाड्यात गेला. त्यांनी बरणी काढली.

अहो, ती कुठली बरणी होती! ज्या बाईने ती तिथे ठेवली ती समोर बसली होती. जिने सकाळपासून तिच्यातून रांगोळी काढली ती शेजारी उभी होती. पण एकालाही उमगलं नाही. आत्याबाई डोळे मिटून नाम घेत होत्या आणि एकेका पातेल्यात चिमूट टाकत चालल्या होत्या. वरणात टाकली. भाजीत टाकली. वांग्यांत टाकली आणि पुढे जाऊन परत आल्या, "यात टाकलं का गं?" म्हणाल्या आणि पुन्हा टाकली. कण्यांत टाकली. मग बासुंदीच्या पातेल्यापाशी गेल्या.

"आत्याबाई, ती बासुंदी!" गुंडोपंत ओरडले.

"हो का?" आत्याबाई म्हणाल्या. पण चिमूट पडून गेली होती.

ताट नव्याने वाढून नैवेद्य दाखवला. पानं वाढली. महाराजांनी पहिला हात घातला तो कण्यांत.

आणि त्याच क्षणी मथुराबाईंच्या डोक्यातलं धुकं सरकन वर गेलं. सगळं स्वच्छ आठवलं. कमरेला हात लावला, तर किल्ली तशीच खोचलेली. सकाळपासून ते कुलूप त्यांनी उघडलंच नव्हतं! म्हणजे मीठ घातलंच नव्हतं, एकाही पातेल्यात नाही. आणि कोनाड्यातली बरणी?

त्या धावत आत गेल्या. बरणीत बोट घालून जिभेवर ठेवलं. दगडाची पूड. कचकच दाताखाली आली. रांगोळी! सगळ्या गावाच्या पानात, महाराजांच्या पानात, रांगोळी!

त्या पंगतीत येऊन उभ्या राहिल्या. "महाराज, थांबा!" म्हणायचं होतं त्यांना. पण महाराज बोटं चाटत होते. "वा आत्याबाई! त्या पहिल्या दिवसासारख्याच झाल्यात." पलीकडे एक म्हातारे गृहस्थ तिसऱ्यांदा वरण मागत होते. कुणी म्हणत होतं, वांग्यांना काय चव आली आहे, इनामदारांकडे इतकं बेताचं मीठ कधी खाल्लं नव्हतं. बासुंदी तर वाढायला पुरेना.

मथुराबाईंनी वाढायच्या पळीतलं वरण तळहातावर घेतलं आणि तोंडात घातलं. मीठ होतं. अगदी जितकं हवं तितकं. वाटीतली बासुंदी चाखली. तिच्यात मिठाचा लवलेश नव्हता. आणि जिभेवर तर अजून रांगोळीची कचकच होती.

हातातली पळी त्यांनी खाली ठेवली. त्या महाराजांच्या पानापुढे जमिनीवर बसल्या. "महाराज, बरणीत मीठ नव्हतं हो. मीच ते कुलपात ठेवलं. त्यांचा हात लागू नये म्हणून मीच ठेवलं." मग सगळ्या पंगतीसमोर त्यांनी सगळं सांगितलं. रांगोळी ऐकून जेवणारे हात जागच्या जागी थांबले. माणसं आपल्या पानाकडे बघू लागली. भटजींनी भात चिवडून बघितला. कुणाला काही कळेना.

महाराज म्हणाले, "जेवा. देवाने घेतलं, आता तुम्ही का थांबलात?" आणि मथुराबाईंकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले, "माय, घटकाभर तुम्हाला आठवेना, तर जीव किती कासावीस झाला! त्यांचं रोज असंच होतं. आणि तेव्हा घर हसतं."

मथुराबाईंना हुंदका आवरेना. त्या महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकल्या. महाराजांनी पाय आखडून घेतले आणि दाराकडे बोट दाखवलं.

दारात वेणूआत्या उभ्या होत्या. रिकामं भांडं हातात. पंगत का थांबली, मथुरा का रडते आहे, त्यांना काहीच उमगत नव्हतं. मथुराबाई उठल्या, कमरेची किल्ली काढली आणि ती आत्याबाईंच्या पायांशी ठेवून त्या पायांवर त्यांनी कपाळ टेकलं. सगळ्या गावासमोर, सगळ्या बायकांसमोर टेकलं. ठकूबाई म्हणे, "हसणाऱ्या बायकांनीही मग एकेक करून नमस्कार केला, त्यात मीही होते."

आत्याबाईंनी गोंधळून महाराजांकडे पाहिलं. मग खाली वाकून मथुराबाईंच्या केसांवरून हात फिरवला आणि काळजीने विचारलं, "काय झालं गं पोरी? मीठ कमी पडलं का?"

"नाही, आत्याबाई," मथुराबाई पायांवरचं डोकं न उचलता म्हणाल्या. "अगदी बेताचं आहे."